न्याहारीवरची गोळी

कलशेट्टीअण्णा कुणाला नमस्कार करत नसत. माणूस दिसला की थेट विचारत, “गिळलं का?” एका लग्नात नवरदेवाच्या बापालाही त्यांनी तेच विचारलं आणि त्या गृहस्थांनी दचकून तोंडातला लाडू अख्खा गिळला.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. अण्णा आमच्या सोलापूरच्या क्षयाच्या दवाखान्यात आरोग्यसेवक, मी कंपाउंडर. गोळ्या तेव्हा वर्ष-दीड वर्ष घ्याव्या लागत. खोकला दोन महिन्यांत थांबे, की पेशंटही थांबे. तेच तेच समजावून मी पार कंटाळलो होतो. महिन्याच्या गोळ्या हातात ठेवायच्या नि मोकळं व्हायचं. अण्णा मात्र सायकल हाणत घरोघर जात आणि दरडावत, “न्याहारीशिवाय गोळी न्हाय! उपाशीपोटी घेतलीस तर उलटून पडंल!” हे इतक्यांदा ऐकलंय की आजही झोपेत म्हणून दाखवीन.

एकदा अर्धा श्रावण सरल्यावर जवळच्या कुंभारी गावची शिवम्मा आली. चांगली सुधारलेली बाई, पुन्हा खोकत होती. पिशवीतून पुडा काढला, तर गोळ्या जशाच्या तशा.

“अगं बये, घेतल्या का न्हाईस?” अण्णा ओरडलेच.

“तुमीच सांगितलं की, न्याहारीशिवाय गोळी न्हाय. श्रावणात आमी दिस मावळल्यावरच जेवतो. न्याहारीच न्हाय, तर गोळी कशी गिळू?”

मला हसू फुटलं. अण्णा मटकन बाकावर बसले. “कंपाउंडर, बाईनं माझा शब्द पाळला ओ. आता माझ्यामुळं मरंल की ती!”

“संध्याकाळी जेवणावर घे म्हणावं, झालं,” मी म्हटलं. मला घरी जायची घाई होती. पण अण्णा त्या दिवसापासून रोज संध्याकाळी कुंभारी गाठू लागले, तेही दिवसभर उपाशी राहून. पन्नाशी उलटलेला माणूस! मी वैतागून म्हटलं, “गोळी तिनं गिळायची, उपास तुम्हाला कशाला?” त्यांनी नुसता हात झटकला.

पुढच्या खेपेला शिवम्मा आली तेव्हा खोकला उतरला होता. म्हणाली, “सासू माझं ताट गोठ्यापाशी वाढती. एकटीला घास जात नव्हता, मग रातची गोळी बी ऱ्हायलीच असती. आता अण्णा शेजारी ताट घेऊन बसत्यात. दोघं जेवतो, की गोळी घेते.”

ती गेल्यावर मी म्हटलं, “अण्णा, श्रावण संपला. आता घरी जेवत जा.”

बायको जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ते टोपी झटकत उभे राहिले.

“तिच्याशेजारी मी तरी हाय. घरी माझ्याशेजारी कोण बसतंय?”

मला भयंकर लाज वाटली. आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती आणि नऊ वर्षांत मी त्यांना एकदाही जेवायला बोलावलं नव्हतं.