परबकाकांचा बंद न होणारा कॉम्प्युटर

लोक गावी जाताना शेजाऱ्यांना तुळशीला पाणी घालायला सांगतात. भांडुपमधले आमचे शेजारी परबकाका मला किल्ली देऊन सांगतात, "कॉम्प्युटर चालू आहे ना, तेवढं रोज बघ."

हा कॉम्प्युटर त्यांनी वर्षानुवर्षं बंद केलेला नाही. त्यात एक जुनं, फुकट सॉफ्टवेअर आहे. मधे कंपनी नाही, दुकान नाही. फाइल एका घरातल्या कॉम्प्युटरमधून थेट दुसऱ्याच्या घरी. ते बनवणारे केव्हाच दुसऱ्या कामाला लागले, वापरणारेही पांगले. स्क्रीनवरच्या यादीत एके काळी जोडलेल्यांची चाळीसेक नावं दिसायची, आता काका एकटे. तरी दर तासाला हजेरी घेतात.

ते वाटतात ती एकच फाइल, वडिलांच्या भजनाची. वडील गिरणीत कामाला आणि भजनाचे बुवा. मूळ कॅसेटला बुरशी लागली. मी पेनड्राइव्ह सुचवला तर काका भडकले. चुलतभावाला दिलेल्या पेनड्राइव्हवर आता मुंजीचे फोटो आहेत. मला दिलेल्यावर काय आहे, ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात यादीत एक अनोळखी नाव उगवलं आणि भजन उतरवून घेऊ लागलं, तेही अगदी रखडत. काकांची भूकच गेली. लिफ्ट जास्त वापरू नका, लोड येतो, असं ते मजल्यामजल्यावर सांगत सुटले. चौऱ्याण्णव टक्के झाले आणि नेमकी सोसायटीने मीटर बदलायला दुपारभर वीज बंद ठेवली. काका वायरमनच्या मागे मागे. "किती वेळ रे अजून? तो कंटाळून जाईल ना." तो म्हणजे कोण, हे वायरमनला शेवटपर्यंत कळलं नाही.

वीज आली तेव्हा मी त्यांच्याकडेच होते. यादी रिकामी. काका मिनिटामिनिटाला यादी बघत होते आणि खरं सांगते, मीही. पंधरा मिनिटांनी ते नाव परत आलं. संध्याकाळी शंभर टक्के झाले.

आता हा जाणार, असं मी धरूनच चालले होते. आजवर सगळे घेऊन गेले. नेलेलं कुणी जपलं की पुसलं, कळायला मार्ग नाही. पण हे नाव हलेना.

"थांबलाय गं," काका म्हणाले. "तो पण आता भजन वाटतोय, माझ्यासारखाच."

मग एकदम मालवणीवर आले. "आता माका काय झाला तरी चलात. बाबांचो आवाज रवतलो."

इतकी वर्षं मला वाटायचं, या माणसाला वीज जाण्याची धास्ती आहे; धास्ती होती ती आपल्यामागे बाबांचा आवाज न राहण्याची. मला रडू आलं. काका मात्र खुर्चीत मागे टेकून, डोळे मिटून शांत बसले होते.