खडा गहाळ झाल्याबाबत

माणसाला आजार नशिबाने होतात आणि हक्क कायद्याने मिळतात. म्हणून आजार वेळेवर येतात.

विजय नगरातल्या एका सात मजली हॉस्पिटलाने ही तफावत ओळखून तळमजल्यावर रुग्णांच्या हक्कांचा फलक लावला आहे. त्यावर एकोणीस हक्क आहेत. फलक देखणा आहे, मागून दिवे आहेत. गेल्या वर्षभरात त्याखाली अंदाजे बारा हजार माणसं बसली. त्यांपैकी अकरा हजार नऊशे ऐंशी जणांनी त्याच्याकडे पाठ करून मोबाइल चार्ज केला (प्लग तिथेच आहे), एकोणीस जणांनी त्यात टॉयलेटकडे जाणारा बाण शोधला, आणि एकाने तो वाचला.

तो एक म्हणजे सुदामा नगरचे दिनानाथ. सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. चौतीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूने त्यांनी लोकांना "उद्या या" सांगितलं होतं, आणि बरेच लोक खरोखरच उद्या आले होते. त्यामुळे व्यवस्थेवर त्यांची श्रद्धा होती.

घडलं ते असं. रविवारी एका लग्नात, कणकेच्या, तुपात बुडवलेल्या चौथ्या बाफल्यानंतर, दिनानाथांच्या पोटात दुखू लागलं. हॉस्पिटलाने सोनोग्राफी केली, पित्ताशयात चौदा मिलीमीटरचा खडा असल्याचं जाहीर केलं आणि गुरुवारी सकाळी आठला पित्ताशय काढायचं ठरवून टाकलं. पोटदुखी मात्र घरी आल्यावर चिमूटभर ओव्यानेच थांबली.

"अहो, दुखत नाहीये तर कापायचं कशाला?" पत्नी मंजिरीताई म्हणाल्या. "राजेंद्र नगरच्या आपल्या डॉक्टरांना एकदा विचारू या ना."

राजेंद्र नगरचे डॉक्टर म्हणाले, फाइल आणा, बघून सांगतो. फलकावरचा हक्क क्रमांक चार म्हणत होता, रुग्णाला फाइल मिळेल. सोमवार उजाडला होता. पोट वाचवायला तीन दिवस होते.

रुग्ण-हक्क कक्ष पाचव्या मजल्यावर आहे. (लिफ्ट फक्त स्ट्रेचरसाठी. जो चढून येतो त्याची तक्रार गंभीर नसते, असं हॉस्पिटलाचं निरीक्षण आहे.) तिथे मिताली नावाची अतिशय नम्र अधिकारी बसते.

"सर, फाइल तर तुमचा हक्कच आहे," ती म्हणाली. "पण पेशंटची प्रायव्हसी हा पण हक्क आहे ना, नऊ नंबरचा. म्हणून फाइल आम्ही फक्त पेशंटलाच देतो."

"मीच पेशंट."

"असं तर सगळेच म्हणतात, सर."

दिनानाथांनी आधार कार्ड काढलं. मितालीने ते दोन्ही हातांनी घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं. "यावरून तुम्ही दिनानाथजी आहात हे प्रूव्ह होतं. तुम्हाला खडा आहे, असं कुठे लिहिलंय?"

दुसरा कुणी असता तर आवाज चढवला असता. दिनानाथांना उलट भरून आलं. असा बिनतोड मुद्दा त्यांना स्वतःला चौतीस वर्षांत सुचला नव्हता.

यावर उपाय होता: रोग-पडताळणी. फाइलमधला आजार अर्जदाराच्या अंगात आढळल्यास अर्जदार हाच रुग्ण समजावा. दिनानाथांनी तीन प्रतींत अर्ज केला, आणि मंगळवारी त्यांची पुन्हा सोनोग्राफी झाली. टेक्निशियनने पोटावरून यंत्र तीनदा फिरवलं.

"भियाजी, इसमें तो कुछ है ही नहीं. एकदम साफ."

मंजिरीताईंनी तिथल्या तिथे हात जोडले. "सुटलो गं बाई! चला हो घरी."

दिनानाथांचा चेहरा मात्र पडला. खडा नाही, म्हणजे आपण पेशंट नाही. पेशंट नाही, म्हणजे फाइल नाही. आणि फाइल नाही, म्हणजे हक्क क्रमांक चार बुडाला.

"घरी काय? अगं, माझ्या पोटात चौदा मिलीमीटरचा खडा आहे, आणि हे लोक सरळ नाही म्हणतायत!"

"अहो, पण तो नसलेलाच बरा ना?"

"बऱ्यावाईटाचा प्रश्नच नाही. तो माझ्या नावावर चढलेला आहे!"

"भिया," मागच्या रांगेतून एक जण कळवळून म्हणाला, "आपके में नहीं है तो साइड हो जाओ ना यार. अपने में तो है."

तेवढ्यात दिनानाथांच्या मोबाइलवर मेसेज आला: गुरुवारी ऑपरेशनसाठी उपाशीपोटी या. (फाइलसाठी ते पेशंट नव्हते, ऑपरेशनसाठी होते. हे दोन विभाग वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत.) मंजिरीताईंचे जोडलेले हात हळूहळू सुटले.

बुधवारी प्रकरण तक्रार निवारण समितीपुढे आलं. समितीत पाच सदस्य, अध्यक्ष स्वतः डायरेक्टर. दिनानाथांनी सात मुद्द्यांचं निवेदन उभ्याने वाचलं. समितीने चहा घेतला आणि निर्णय दिला:

एक, पहिला रिपोर्ट हॉस्पिटलाचा आहे, म्हणून तो बरोबर आहे.

दोन, दुसराही रिपोर्ट हॉस्पिटलाचा आहे, म्हणून तोही बरोबर आहे.

तीन, सबब खडा रविवारी होता आणि मंगळवारी नव्हता. मधल्या काळात अर्जदार घरी गेले होते हे खरं, पण त्यांच्या घरी खडा काढण्याची सोय नाही. (मंजिरीताईंनी दुजोरा दिला.) अर्थात खडा हॉस्पिटलाच्या आवारातच गहाळ झाला.

"आमच्याकडे चपला जातात, छत्र्या जातात," डायरेक्टर खाली मान घालून म्हणाले. "खडा पहिल्यांदाच गेला. आय अ‍ॅम सॉरी, दिनानाथजी. रुग्णाच्या सामानाची जबाबदारी आमची आहे. भरून देऊ."

लॅबमधून मालकांनी न नेलेल्या खड्यांचा ट्रे आला. समितीने त्यातला एक पुढे केला. दिनानाथांनी खिशातून पट्टी काढली.

"हा बाराचा आहे."

"मग याबरोबर हा दोनचा ठेवा ना. झाले चौदा."

"रिपोर्टमध्ये एक खडा लिहिलाय. नग एक."

समितीत कुजबुज झाली. मितालीने ट्रे उलथापालथा करून अखेर चौदाचा एक शोधला, किंचित हिरवट. दिनानाथांनी तो तीनदा मोजला, बाटलीत घालून घेतला आणि पोच म्हणून सही केली. खडा रुग्णाच्या ताब्यात आला, सबब पोटातून काढण्याजोगं काही उरलं नाही, सबब गुरुवारचं ऑपरेशन रद्द. खड्याची पोच दिली तो खड्याचा मालक, खड्याचा मालक तोच पेशंट, सबब फाइलही मिळाली. पायऱ्या उतरताना दिनानाथांची छाती पोटाच्या दोन बोटं पुढे होती, आणि पोट अखंड होतं.

राजेंद्र नगरच्या डॉक्टरांनी फाइल वाचली, बाटलीतला खडा पाहिला, दिनानाथांचं पोट चाचपलं आणि पंख्याचा वेग वाढवला.

बाटली आता सुदामा नगरात, दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये आहे. मंजिरीताई येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यापासून शेवटपर्यंत खरी हकीकत सांगतात: ओवा, दुसरी सोनोग्राफी, ट्रे, बाराचा खडा, सगळं. लोक पोट धरून हसतात. मग जाताना चपला घालता घालता मंजिरीताईंना बाजूला घेतात. "ते सगळं ठीक आहे हो वहिनी. पण चौदाचा खडा, आणि एक टाका नाही! त्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांचा नंबर द्या ना." आतापर्यंत एकतीस जणांनी नंबर नेला आहे. त्यांपैकी सव्वीस जण दाखल झाले, आणि सव्वीसच्या सव्वीस जणांना काही ना काही निघालं.

तुम्हालाही नंबर हवा असेल तर संकोच करू नका. कुठे दुखतंय ते तिथे गेल्यावर सांगतात.