पोस्टमनची उडी

"माझा पोस्टमन पडला तर पडेल, पण चुकीचा पडणार नाही," असं मोजपट्टीने सगळ्या स्टुडिओला ऐकवून ठेवलं होतं. कार्टून सिनेमातल्या माणसांना चालवणं-पळवणं हे त्याचं काम. कोणाची पापणी लवायची असली तरी तो आधी मोजायचा, म्हणून हे नाव.

पोस्टमन एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उडी मारतो, हा प्रसंग त्याने भांडून मागून घेतला होता. पण अंतर फार, पोस्टमनचं पोट मोठं, बिचारा काही पोचेना. मग मोजपट्टीने त्याचा वेग हवेतल्या हवेत चिमूटभर वाढवला. कोणाच्या बापाला कळणार होतं?

दिग्दर्शकाच्या सासूबाईंना कळलं.

"ह्याला मधेच कोणी ढकललं का रे?"

"हवेत कोण ढकलणार, काकू?"

"तेच विचारतेय मी."

दिग्दर्शक सासूबाईंना विचारल्याशिवाय काहीही पास करत नसे. घरीसुद्धा. तो म्हणाला, "सोमवारपर्यंत उडी पटली पाहिजे. नाहीतर तू चित्रातल्या मागच्या टेकडीवरचं गवत हलवायला बस."

मोजपट्टीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी पोचताच तो बायकोवर घसरला. "पोस्टमनचे डोळे बशीएवढे, ते चालतं. त्याचं कुत्रं बोलतं, तेही चालतं. आणि त्याने हवेत जरा घाई केली तर लगेच खोटं?"

"कुत्रं फार छान बोलतं पण," बायको म्हणाली.

तो न जेवता झोपला.

दुसऱ्या दिवशी त्याने हालचाली टिपणारा तंग पोशाख अंगावर चढवला, पोटाला उशी बांधली, दोन टेबलं लांब लांब मांडली आणि दात-ओठ खात उडी मारली. राग खरा होता. उडी खरी होती. पलीकडच्या टेबलाला चाकं होती, हेही दुर्दैवाने खरंच होतं.

एक पाय टेबलाबरोबर खिडकीकडे निघाला, दुसऱ्याने यायला साफ नकार दिला. उरलेला मोजपट्टी प्रिंटरवर पालथा पडला. प्रिंटरने घाबरून चार कोरे कागद बाहेर टाकले.

सोमवारी पायाला प्लॅस्टर, पण छाती फुगलेली. "पोस्टमन आता पोचत नाही, पडतो. हवी तर गोष्ट बदला. पण यात माझा एक कण नाही, सगळी निसर्गाची करणी."

सासूबाईंनी ते पडणं दोनदा पाहिलं.

"छे. माणूस असा पडतो होय?"

"काकू, असाच पडतो! हा बघा पाय!"

"प्लॅस्टर छान जमलंय. पडणं काही पटत नाही."

मोजपट्टी ताडकन उठला. दार आपटायचंच, या इराद्याने तो लंगडत निघाला आणि अर्ध्या वाटेत संताप अनावर होऊन त्याने चाल वाढवली.

मागून सासूबाईंचा आवाज आला, "बघा जावईबापू, हा लंगडतोय तेही खोटंच. मधेच कोणी ढकलल्यासारखा."

जावईबापूंनी मान डोलावली.

मोजपट्टी सध्या गवत हलवतो. बसून.