तुटवड्याचे जतन

केशोरीच्या धान खरेदी संस्थेला लष्कराने वापरून बाजूला काढलेले तीन मालवाहू ट्रेलर मंजूर झाले आणि प्रत्यक्षात आलेही. मंजुरी आणि आगमन या दोन्ही गोष्टी एकाच साहेबाच्या कारकिर्दीत घडल्यामुळे संस्थेचे अध्यक्ष देवचंद कापगते यांनी फाटकाला आंब्याच्या पानांचे तोरण लावले. खरेदी केंद्राच्या अंगणात साऱ्या शिवाराचे धान उघड्यावर पडून होते, गोदामापर्यंत न्यायला वाहन नव्हते, आणि आभाळ रोज दुपारी काळवंडू लागले होते.

ट्रेलर आले ते एका मोठ्या ट्रकवर बसून, कारण स्वतः चालण्याच्या स्थितीत त्यांतला एकही नव्हता. पहिल्याला चाके होती, पण ट्रॅक्टरला अडकवायचा हूक नव्हता. दुसऱ्याला हूक होता, चाके नव्हती. तिसऱ्याला दोन्ही नव्हते. त्याच्या पाठीवर फक्त ‘सुरक्षित अंतर ठेवा’ असे लिहिलेले होते.

“याईले ओढू कसा जी?” देवचंदने विचारले.

सोबत आलेले पडताळणी अधिकारी मुन्नालाल तुरकर गोंदियाजवळ फुलचूरला राहत आणि निम्मे हिंदीत बोलत. “देखो अध्यक्षजी, शासनानं ट्रेलर मंजूर केले आहेत. चाकं आणि हूक हा स्वतंत्र विषय आहे.” त्यांनी तोरणासकट तिन्ही ट्रेलरचे फोटो मोबाइलवर काढले आणि ते निघून गेले.

देवचंदने सुट्या भागांची मागणी केली. सुटे भाग मिळण्यासाठी ट्रेलर गोंदियाला तपासणीस आणावा, असे उत्तर आले. कसा आणावा, असे त्याने विचारले. ओढून, असे उत्तर आले.

जेवताना त्याने हे बायकोला सांगितले. चंद्रकांताने भाजी वाढत ऐकून घेतले.

“एकाले चाकं हायेत, एकाले हूक हाये,” ती म्हणाली. “इकडचा काढून तिकडं लावाले काऊन भिऊन राहिले तुम्ही?”

देवचंद उठून वेल्डिंगवाल्याकडे गेला. दुसऱ्या दिवशी पहिला ट्रेलर खडखडत का होईना, धान भरून गोदामाकडे निघाला. माणसे रस्त्याकडेला उभी राहून पाहू लागली. देवचंद ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसला होता. इतक्या लोकांनी त्याच्याकडे एकाच वेळी पाहिल्याचा प्रसंग याआधी त्याच्या लग्नातच आला होता.

धान गोदामात पोचायच्या आत बातमी गोंदियाला पोचली. ट्रेलर दुसरी खेप भरून उभा असतानाच मुन्नालाल हजर झाले.

“दुसऱ्या ट्रेलरचा हूक कुठं आहे?”

“पहिल्याले लावला जी.”

“म्हणजे गायब आहे.”

“गायब कुठं? तुमच्या समोर हाये.”

“समोर आहे तो पहिल्याचा हूक. पहिल्याला हूक नव्हता, हे माझ्या फोटोत आहे. म्हणजे पहिल्यात एक भाग जास्त झाला, त्याचा खुलासा द्या. दुसऱ्यात एक कमी झाला, त्याची पोलिसात तक्रार द्या.” मग त्यांनी देवचंदच्या खांद्यावर हात ठेवला. “पहले जो कमी था, वो फौज का था. अब जो कमी है, वो आपका है.”

“आधी धान जाऊ द्या साहेब,” पोती चढवायला आलेली चंद्रकांता म्हणाली. “मंग बसा हूक मोजत.”

धान आपल्या कक्षाच्या अखत्यारीत येत नाही, असे मुन्नालाल यांनी नम्रपणे सांगितले.

देवचंद नाही म्हणू शकला असता. ट्रॅक्टर सुरू होता, पोती चढलेली होती. पण संस्थेची निवडणूक जवळ आली होती आणि पोलीस हा शब्द त्याला आभाळापेक्षा काळा वाटला. त्याने पोती उतरवली, हूक कापून घेतला आणि पुन्हा दुसऱ्या ट्रेलरला जोडला. चंद्रकांता बायकांना घेऊन ताडपत्र्या गोळा करायला गेली.

ताडपत्र्या पुरल्या नाहीत. पाऊस लागला तो थांबेचना, आणि उघडीप मिळाली तेव्हा पोत्यांच्या शिवणीतून हिरवे कोंब बाहेर आले होते.

कोंब ओलांडत पडताळणी समिती आली. फोटो आणि ट्रेलर ताडून पाहण्यात आले. जास्त काही नव्हते आणि जे कमी होते, ते पूर्वीइतकेच कमी होते. मुन्नालाल यांनी देवचंदचा हात हातात घेतला. पूर्ण जिल्ह्यात तुटवडा इतक्या निष्ठेने कुणी सांभाळला नाही, असे ते म्हणाले. गोंदियाच्या सभागृहात ‘उत्कृष्ट जतन’ केल्याबद्दल देवचंदचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्याने तो वाकून स्वीकारला.

घरी चंद्रकांताने शाल उलटसुलट करून पाहिली. “पाणी नाही अडवत,” ती म्हणाली आणि तिने ती खुंटीला लावली.

भिजलेल्या धानाचे पुढे काय झाले, असा प्रश्न संवेदनशील वाचकाला पडेल. विशेष काही झाले नाही. ते वाळवले, भरडले, पॉलिश करून पांढरेशुभ्र केले आणि दूरच्या शहरांत रवाना केले. मध्यंतरी तुमच्या घरच्या भाताला कुबट वास आला होता, आठवत असेल. तुम्ही दुकानदाराला काही बोलला नाहीत. तांदूळ आणखी एकदा धुतलात, फोडणी जरा सढळ हाताने घातलीत आणि जेवलात. वरिष्ठ कार्यालयाने ती तुमची संमती समजली आहे.