गोचिडींचा उपास

वैशाखात तळेवाडीच्या जंगलातल्या गोचिडी एका गव्याच्या मादीच्या अंगावरून उतरल्या आणि वनखात्याच्या कचेरीत भेटायला आल्या. मादीची तब्येत फार खालावली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

जनावरांच्या डॉक्टर रेवती खराडे नेमकं त्याच मादीसाठी गोचिडींवरचं औषध कालवत होत्या. मादी गाभण होती. मागच्या उन्हाळ्यात तिचं वासरू पोटातच गेलं होतं, आणि यंदाच्या काळजीने रेवतीबाईंना घास गोड लागत नव्हता. त्यांनी औषधाची बादली घाईने टेबलाखाली सरकवली आणि पाहुण्यांना बसायला सांगितलं.

गोचिडींच्या पुढारी म्हणजे तुरीच्या दाण्याएवढ्या एक वयस्क बाई होत्या.

"पूर्वी गवत होतं, तेव्हा तिला आमचा भार जाणवायचाही नाही," त्या म्हणाल्या. "आता झरे आटले. सगळे कळप एकाच डबक्यावर येतात. तिथे परक्या गोचिडी चढतात, पाण्यातून पोटात जंत जातात. उपाशी अंगाने ती कुणाकुणाला पोसणार?"

"मग तुम्हीच उतरा की," वनरक्षक लांबोर म्हणाला.

"उतरलोच आहोत. महिनोन्महिने उपाशी राहायची आम्हाला सवय आहे. पण तुम्ही वरचा झरा मोकळा करा. ती गेली तर आम्ही राहायचं कुठे?"

रेवतीबाईंना हे पटलं. लांबोर गावातल्या माणसांना घेऊन झऱ्यातला गाळ काढायला लागला. गोचिडी व्हरांड्यात उपास करत बसल्या.

"निदान पायपुसणं तरी सोडा हो," लांबोर रोज आत येताना विनवायचा. त्या थोड्या सरकायच्या.

झऱ्याला पाणी आलं, कळप पांगले, ओलाव्याला हिरवं फुटलं. मादीच्या फासळ्या दिसेनाशा झाल्या. एके सकाळी ती स्वतःच व्हरांड्यापाशी येऊन उभी राहिली.

"अंग हलकं झालंय," ती म्हणाली, "पण करमत नाही."

"आधी बाळंतपण," रेवतीबाई ठामपणे म्हणाल्या. गोचिडींनीही तेच सांगितलं.

वासरू झालं, सोनेरी रंगाचं. रेवतीबाई पुढारीणबाईंना तळहातावर घेऊन बघायला गेल्या. बाई वासराच्या कानावर चढल्या, पाठीवरून शेपटीपर्यंत सावकाश चालत गेल्या आणि कुठेही तोंड न लावता खाली उतरल्या.

"पोर अंगाने भरलंय," त्या म्हणाल्या. "पण यंदा नको. पाय घट्ट होऊ देत."

मादीने मान खाली केली. मग पुढारीणबाई तिच्या मानेवर चढून घरी गेल्या.