एकोणीस सेकंदांची सू-लान

नवा प्रोसेसर घ्यावा का, असं कुणी विचारलं की तैपेईतला संगणक-परीक्षक कुओ पो-येन आधी छाती फुगवायचा आणि मग म्हणायचा, "माझा तक्ता बघा!"

"बाकीचे परीक्षक दरवेळी नवी चाचणी लावतात. मी नाही! चौदा वर्षं तीच फिल्म, तीच खोली, तेच स्टूल. चूक दाखवा आणि शेवयांचा वाडगा माझ्याकडून खा!"

फिल्म त्याच्या बायकोची होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने कॅमेरा घेतला तेव्हाची, चार मिनिटांची. हिरव्या चौकड्यांचा गाऊन घालून सू-लान डंपलिंगच्या कळ्या पाडतेय आणि शेवटी वर बघून म्हणतेय, "कॅमेरा ठेव आणि जेवायला ये!" या कच्च्या चित्रीकरणाची पक्की फिल्म करायला संगणक किती वेळ घेतो, एवढीच चाचणी. काम चालू असताना एका छोट्या चौकटीत चित्रं सरकत राहायची.

पहिल्या प्रोसेसरला एक्केचाळीस मिनिटं लागली होती. सू-लानची पापणी मिटून उघडायला तीन सेकंद! तेव्हा ती शेजारीच बसून हसायची, "किती मंद दिसते रे मी!" पुढे पिढ्या येत गेल्या. वीस मिनिटं झाली, मग नऊ, मग दोन.

तीन वर्षांपूर्वी सू-लानला तिच्या चिपच्या कारखान्याने अमेरिकेत, ॲरिझोनाच्या वाळवंटात धाडलं. आता मुदत संपत आली होती. परत यायचं की आणखी तीन वर्षांच्या करारावर सही करायची, हे तिला सोमवारी सांगायचं होतं. तिने फोनवर तीनदा विचारलं, "काय करू?" आणि हा शहाणा तीनही वेळा म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर." 'ये' म्हणायचं होतं. एक अक्षर! पण तिच्या नोकरीच्या आड आपण कशाला, असं मनात यायचं आणि ते अक्षर राहूनच जायचं.

तर सोमवारी सकाळी दहाला नव्या पिढीच्या प्रोसेसरचं परीक्षण सुरू झालं. तीन हजार लोक थेट बघत होते. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून तैवानी रिवाजाप्रमाणे वर खाऊचं हिरवं पुडकं ठेवलं होतं; खाऊ शिळा झाला की यंत्र रुसतं म्हणतात, म्हणून त्याची तारीखसुद्धा दोनदा तपासलेली. पंख्याचा आवाज मोजायचा म्हणून स्पीकर बंद होते.

"बघा मंडळी!" पो-येनने कळ दाबली.

सू-लानने कळ्या पाडल्या, वर बघितलं, जेवायला बोलावलं आणि गेली. एकोणीस सेकंद! प्रेक्षकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. पो-येन मात्र रिकाम्या चौकटीकडे बघत राहिला. नियमाप्रमाणे चाचणी तीनदा पुरते. त्याने सकाळपासून सव्वीस वेळा केली होती.

"अजून एकदा बघू," तो म्हणाला आणि कळ दाबून वहीत काहीतरी खरडायला लागला. मान वर केली तर चौकट मोठी झालेली आणि सू-लान जागच्या जागी थांबलेली!

"अरेच्चा! अडकला!" परीक्षक जागा झाला. "आणि रंग बघा, पार उडालेत! चेहरासुद्धा जरा रुंद आलाय. डोळ्यांखाली हे काळं काय? सावल्यांचं गणित साफ चुकलंय. खरं सांगू? मागची पिढी कितीतरी सरस होती!"

प्रेक्षकांपैकी कुणीतरी लिहिलं, 'येनदादा, वहिनींनी चष्मा लावला!'

"हां, या प्रोसेसरात कृत्रिम बुद्धिमत्ता आहे ना! नसलेले तपशील पदरचे भरते."

'येनदादा, वहिनींनी चप्पल काढली!'

"चप्पल? चप्पल तर फिल्ममध्ये..."

ही फिल्म नव्हतीच, फोन होता! हा कधी फोन उचलत नाही म्हणून तीन वर्षांपूर्वी जातानाच सू-लानने संगणकात तिचा व्हिडिओ फोन आपोआप उचलला जाईल अशी सोय करून ठेवली होती. पो-येनने स्पीकर चालू केला.

"बोल ना! मागची पिढी सरस होती, पुढे?"

"अगं... मला वाटलं, ती फिल्ममधली तू आहेस."

"आणि मी कोण आहे?"

"तू पण तूच..."

"इथे अजून रविवारची संध्याकाळ आहे. उद्या सकाळी सही करायची की नाही, हे शेवटचं विचारायला फोन केला होता," सू-लान म्हणाली. "पण तुझ्याकडे एक सू-लान आहेच. दमत नाही, जाड होत नाही. मी करते सही."

तीन हजार लोक बघताहेत हे पो-येन विसरला.

"एक्केचाळीस मिनिटं दिसायचीस तू! आता एकोणीस सेकंद! जेवायला ये म्हणतेस आणि पळून जातेस! सकाळपासून सत्तावीस वेळा लावली, आणि सत्तावीस वेळा गेलीस! ये गं. डोळ्यांखालच्या काळ्यासकट ये, रुंद चेहऱ्याची ये, पण ये!"

 पलीकडे सू-लानने चष्मा काढून पुसला.

"तोच गाऊन आहे तो?" त्याने हळूच विचारलं.

"तोच. कोपरात फाटलाय." सू-लानने नाक ओढलं. "येते. पण एक अट. ती फिल्म बंद! चौदा वर्षं अख्खं तैवान माझा गाऊन बघतंय. नवी काढ."

नवी फिल्म म्हणजे चौदा वर्षांचा तक्ता कचऱ्यात! पो-येनने एकदा तक्त्याकडे बघितलं.

'हो म्हण, येड्या!' तीन हजार जणांनी एकदम लिहिलं.

"हो!" तो ओरडला.

सू-लान आली, आणि चष्म्यासकट, चांगल्या कपड्यांत नवी फिल्म निघाली. पहिली चाचणी करायला पो-येनने माळ्यावरून सगळ्यात जुना, सगळ्यात मंद संगणक खाली काढला. अंदाजे वेळ बावन्न मिनिटं! त्याने स्टूल ओढलं, हनुवटीला हात लावला आणि सुखाने बघत बसला. तिसऱ्या मिनिटाला स्वयंपाकघरातून हाक आली.

"मी इथे असताना तिथे काय बघतोस? गार होतंय!"

"आलो! तुझी पापणी तेवढी उघडू दे!"

पण पापणी उघडायच्या आतच तो उठला आणि त्याने यंत्र बंद केलं. तेव्हापासून रोज हेच चाललंय. नव्या तक्त्यात अजून एकही ओळ नाही. कुठला प्रोसेसर घेऊ म्हणून कुणी विचारलंच तर पो-येन डंपलिंग चावत म्हणतो, "घ्या हो कुठलाही!"