अळीची साक्ष

२०२२ सालच्या जून महिन्यात आमच्या ह्यांच्या हृदयात स्टेंट बसला आणि त्यानंतर काही आठवड्यांनी मुलुंड पूर्वेच्या आमच्या शुभंकर सोसायटीत अळीला साक्षीदाराचा दर्जा मिळाला. या दोन घटनांचा संबंध सहजी लक्षात येणार नाही, म्हणून क्रमाने सांगते.

ह्यांचं नाव बाळ. पंचाहत्तरी उलटली तरी नाव तेच राहिलं. हॉस्पिटलमधून सोडताना डॉक्टर म्हणाले, मीठ कमी, तेल कमी, भाज्या भरपूर. कोणत्या भाज्या, ते म्हणाले नाहीत. तेवढ्या फटीतून पुढचं सगळं आत शिरलं.

आमची सून रुचिका इंजिनियर आहे आणि जीव लावणारी आहे. तिने फोनवर भरपूर वाचन केलं आणि एका सकाळी माझ्या हातातली मेथीची जुडी काढून घेतली.

"आई, हे विष आहे."

मी जुडीकडे पाहिलं. हिरवीगार, टवटवीत, एका पानाला भोक नाही. रुचिका म्हणाली, तेच तर. किडा जिला तोंड लावत नाही ती बाबांना कशी द्यायची?

मी लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा पूर्वेला मिठागरं होती आणि स्टेशनला जाताना भाताची खाचरं लागत. त्या काळी वांग्यात अळी निघाली की सासूबाई ते अर्धं चिरलेलं वांगं पदराखाली घेऊन भाजीवालीकडे जात आणि माहेरच्या माणसांसकट तिचा उद्धार करत. अळी ही भाजीवालीची बेअब्रू होती. पण माझ्यापुढचा प्रश्न तेव्हा अळीचा नव्हताच. दुपारी ह्यांच्या ताटात काय वाढायचं, एवढाच होता.

आधी आम्ही रीतसर मार्गाने गेलो. घाटकोपरला एक सेंद्रिय भाज्यांचं दुकान होतं. आत इतका गारवा की जाड सालीचा दोडका सोडून सगळ्यांना शाल हवी होती. प्रत्येक टोमॅटोवर हिरवा स्टिकर. रुचिकाने काउंटरवरच्या मुलीला विचारलं, हे सेंद्रिय कशावरून? मुलीने स्टिकर दाखवला. स्टिकर कोणी दिला? कंपनीने. कंपनी कोणाची? दुकानाची. रुचिका तिथून रिकाम्या हाताने बाहेर पडली आणि रिक्षातच तिने सोसायटीच्या ग्रुपवर विषय टाकला.

आमचे सेक्रेटरी मितेश देढिया. त्यांचा स्टेशनरीचा धंदा आहे, त्यामुळे परिपत्रक काढायला त्यांना फक्त निमित्त लागतं, कागद विकत घ्यावा लागत नाही. त्यांनी विशेष सभा बोलावली. सोसायटीच्या फाटकात यापुढे फक्त विषमुक्त भाजीला प्रवेश द्यावा, हे लगेच मंजूर झालं. विषमुक्त कशी ओळखावी, यावर सभा अडकली. प्रयोगशाळेत पाठवावी, असं कोणी म्हणालं. अहवाल येईपर्यंत भाजी कुजते, असं उत्तर आलं. अहवालाच्या दिवसापर्यंत भाजी टिकली तर ती विषारी समजावी, अशीही एक उपसूचना आली.

तेव्हा माझ्यासमोरच्या ब्लॉकमधली कुंदा, जी पोस्टातून निवृत्त झाली आहे आणि सभेत स्वेटर विणत बसते, मान वर न करता म्हणाली, "अळीलाच विचारा ना. ती खाते तिथे विष नसतं."

कुंदा चेष्टा करत होती. ती चेष्टा करते आहे, हे सभागृहातल्या प्रत्येकाला कळलं. पण इतिवृत्तात चेष्टेसाठी रकाना नसतो. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर परिपत्रक लागलं: "ज्या भाजीत जिवंत अळी अथवा अळीकृत छिद्र आढळणार नाही, अशी भाजी संस्थेच्या आवारात विक्रीस अपात्र समजण्यात येईल." अंमलबजावणीसाठी अळी निरीक्षण उपसमिती नेमली. रुचिका तिची निमंत्रक.

या परिपत्रकाचा पहिला फटका वनमालाला बसला. वनमाला भांडुपच्या डोंगरउतारावर राहते. आमच्या फाटकाशी तिची आई बसायची, आता ती बसते. होलसेल मार्केटातून भाजी उचलायची, पाणी मारून रचायची, आणि एकही पान किडकं निघणार नाही याची हमी द्यायची, हा तिच्या घराण्याचा लौकिक. उपसमितीने तिची पाटी तपासली आणि भाजीला एकही भोक नसल्यामुळे ती फाटकाबाहेर काढली.

वनमालाने वाद घातला नाही. तिने मितेशभाईंना परिपत्रक मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं. ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "म्हंजे कीड पायजे. तसं बोला ना सरळ."

दुसऱ्या दिवशी तिने मार्केटातला तो माल आणला जो एरवी गुरांना जातो. चाळणी झालेला पालक, लेस लावल्यासारखा मुळ्याचा पाला. उपसमितीने टाळ्या वाजवल्या. भावही वाढवून दिला.

मग आमच्या घरी भाजी निवडण्याची रीत उलटी झाली. जन्मभर मी किडकी पानं टाकत आले आणि चांगली ठेवत आले. आता कुंदा आणि मी दुपारी बसून चांगली पानं कचऱ्यात टाकायला लागलो आणि किडकी परातीत. हात ऐकत नसत. कुंदा म्हणे, "गं, हे चांगलं पान आहे, टाक पटकन, रुचिका बघेल." त्यातून जे उरे त्याची भाजी वाटीच्या तळाशी बसे. हे वाटीत वाकून बघत आणि विचारत, "खाणारा आधी जेवून गेला वाटतं?"

ह्यांचं वजन उतरत होतं. मी डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी आहार विचारला. मी भोकांसह सगळं सांगितलं. ते गंभीरपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, वजन उतरणं हृदयाला चांगलंच, आणि ही भाजीवाली आमच्या बिल्डिंगला येईल का?

वनमाला आता बऱ्याच बिल्डिंगांना जाऊ लागली. पण किडका माल पुरेना. मार्केटात सगळीकडे फवारलेली भाजी, त्यात अळी यायची कुठून? तेव्हा वनमालाने अळ्या स्वतः आणायला सुरुवात केली आणि प्रत्येक जुडीत एक खोचून द्यायला लागली. इथे एक तांत्रिक अडचण उभी राहिली. सकाळी खोचलेली अळी दुपारपर्यंत मरायची.

यावर उपसमितीची बैठक आमच्याच हॉलमध्ये झाली, म्हणून मी सगळं ऐकलं. एका सभासदाचं म्हणणं, अळी नैसर्गिक मृत्यूने गेली असेल. दुसरे म्हणाले, प्रवासाची दगदग. रुचिकाने स्पष्ट शब्दांत सांगितलं की मेलेली अळी धोक्याची खूण आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. मला वाटलं, आता पोर शुद्धीवर आली. मग तिने ठराव मांडला: "मृत अळी यापुढे ग्राह्य धरण्यात येणार नाही. विक्रेत्याने अळी जिवंत राहील याची व्यवस्था करावी."

विक्रेत्याने केली. वनमालाने झाकणाला भोकं पाडलेली एक प्लास्टिकची डबी आणली. डबीत एक पान, पानावर अळी, पोपटी आणि गुबगुबीत. मेथी वेगळी, अळी वेगळी. परिपत्रकात 'भाजीत' असं म्हटलं होतं, त्याची मितेशभाईंनी 'भाजीसमवेत' अशी दुरुस्ती करून घेतली. सकाळी फाटकाशी रांग लागे. प्रत्येक जण डबीत वाकून बघे, अळी हलली की समाधानाने मान डोलवी, आणि मार्केटमधली फवारलेली, टवटवीत, बिनभोकाची मेथी घेऊन वर जाई. ग्रुपवर रोज फोटो येई: "आजची अळी: प्रकृती उत्तम." त्याखाली हात जोडलेले. मग तीच डबी रिक्षात बसून पुढच्या बिल्डिंगची भाजी विषमुक्त करायला जाई.

थोडक्यात, आम्ही सगळे पुन्हा तीच मेथी खात होतो, जी रुचिकाने माझ्या हातातून काढून घेतली होती. फक्त आता तिच्यावर एका जिवाची साक्ष होती. आणि ह्यांच्या ताटात काय वाढायचं, हा माझा प्रश्न होता तिथेच होता.

एका सकाळी रांग ओसरल्यावर मी वनमालाजवळ पायरीवर टेकले आणि विचारलं, "ही अळी जगते कशावर गं?"

तिने इकडेतिकडे पाहिलं, पाटीखालचं ओलं फडकं उचललं. खाली मेथीची एक बुटकी जुडी होती. पानं लहान, कडेला तांबूस, मुळांना लाल माती. मी ती नाकाशी नेली, आणि खरं सांगते, कितीतरी वर्षांनी मला मेथीचा वास आला. मिठागरांवरून वारा यायचा त्या दिवसांतला, कडसर, हाताला संध्याकाळपर्यंत राहणारा.

"घरामागं लावलीय," वनमाला म्हणाली. "शेणखत घालते. फवारत नाय काय."

"एक जुडी मला दे. काकांसाठी."

"ती नाय मिळायची, काकी. ती अळ्यांची हाय."

"अळ्यांना मार्केटची घाल."

"मार्केटची घातली की मरतात त्या."

"आणि आम्ही?"

"तुमी कुठं मरताय? एवढी वर्सं खाताय ना." तिने जुडी माझ्या हातातून हलकेच काढून घेतली. "तुमाला दिली तर अळ्या उपाशी. अळ्या मेल्या तर तुमची भाजी आर्गानिक कशी व्हायची, सांगा."

सगळ्या मुलुंडात विषमुक्त जेवण एकच जीव जेवत होता, आणि तो जेवत होता म्हणून बाकीच्यांना बाकीचं गोड लागत होतं.

मी घरी येऊन हे रुचिकाला सांगितलं. मला वाटलं, डबी त्याच दिवशी बंद होईल. रुचिका विचारात पडली, मग तिचा चेहरा उजळला. "म्हणजे आई, आपली अळी खरंच ऑरगॅनिक आहे!" तिने तसं उपसमितीला कळवलं. मितेशभाईंनी वनमालाला साक्षीच्या दर्जाबद्दल शाल आणि नारळ दिला.

त्या रात्री ह्यांनी अर्धी पोळी ताटात ठेवली. मी ठरवलं, आता व्यवस्थेशी भांडायचं नाही. व्यवस्थेत नोकरी धरायची.

पुढच्या वर्षीचा मे महिना जवळ येत होता. भांडुपला वनमालाच्या पत्र्याखाली उकाड्याने अळ्या माना टाकू लागल्या होत्या. मी तिला म्हटलं, आमची गॅलरी उत्तरेला आहे, गार असते. अळ्यांना रात्रीच्या मुक्कामाला माझ्याकडे ठेव, मी सांभाळते. फक्त त्यांचं खाणं तू पाठवायचं.

वनमालाने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. भाजीवाली गिऱ्हाइकाकडे पाहते तशी नव्हे, एक भाजीवाली दुसरीकडे पाहते तशी.

"किती लागंल, काकी?"

"अळ्या तुझ्या. तुला माहीत, किती खातात."

"तशा खादाड हायेत," ती म्हणाली. "रोजच्या दोन जुड्या लागतील."

"लागतील," मी म्हटलं. "आणि कधी चवळी दिलीस तर तीही खातील."

उपसमितीने या व्यवस्थेला अळी वसतिगृह असं नाव दिलं आणि मला मानद अधीक्षक नेमलं.

या सगळ्याला आता काही वर्षं झाली. वनमाला भाजी विकत नाही. फाटकाशी तिची जाऊ बसते, आणि वनमाला स्वतःच्या स्कूटरवरून ठाण्यापासून कांजूरमार्गपर्यंत डब्या फिरवते. मितेश देढिया उपनगरातल्या सोसायट्यांच्या महासंघावर निवडून गेले. डबीच्या झाकणाला किती भोकं असावीत, याचा मसुदा ते करत आहेत. रुचिका शनिवारी ऑनलाइन वर्ग घेते, जिवंत अळी कशी ओळखावी या विषयावर. वर्ग भरलेला असतो. डॉक्टरांनी क्लिनिकच्या टेबलावर एक डबी ठेवली आहे. पेशंटला धीर येतो म्हणतात. कुंदा मुलाकडे बोरिवलीला राहायला गेली. तिथल्या सभेत तिची ओळख अळी पद्धतीच्या जनक अशी करून दिली गेली. तेव्हापासून ती सभेला जात नाही, घरीच विणते.

ह्यांचं वजन परत आलं, रिपोर्ट चांगले आहेत. सकाळी हे गॅलरीत बसतात, अळ्यांना दोन-तीन पानं घालतात आणि उरलेली जुडी माझ्याकडे देतात. परवा म्हणाले, "अळीचं उष्टं खाऊन माणूस सुधारतो म्हणायचा." रिपोर्ट पाहून सोसायटीने डबीचा ठराव पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवला आहे.

ही हकीकत छापायला देण्यापूर्वी मी मुद्दाम काही सुशिक्षित, वाचनाची आवड असलेल्या, तुमच्यासारख्याच लोकांना वाचायला दिली. सगळे पोट धरून हसले. हसून झाल्यावर प्रत्येकाने वनमालाचा फोन नंबर मागितला. आमच्या बिल्डिंगला डबी मिळेल का, असं विचारायचं होतं. मेथीचं अजून कोणी विचारलेलं नाही.